मावशीच्या कबुतरांच्या बाटलीतला तो मऊ वास नक्की कशाचा?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला कळलाय तसा आधी मांडते, काही चुकलं तर सांगा. लहानपणी तुमच्या मावशीकडे 'लेर द्यू ताँ' या फ्रेंच परफ्यूमची बाटली होती, झाकणावर काचेची दोन कबुतरं, काकांनी मस्कतहून आणलेली, आणि मावशी लग्नकार्याला निघून गेली तरी तो वास बराच वेळ खोलीत राहायचा. आता तुम्ही त्याच नावाची बाटली ऑनलाइन मागवलीत तर पहिली पाच मिनिटं ती नाकाला टोचते, मग दातांच्या डॉक्टरकडे येतो तसला वास येतो, मग पावडर, आणि मधेच वास गायब होऊन परत येतो. ऑफिसमधली मैत्रीण म्हणाली आजीबाईंसारखा वास येतोय. तर माल डुप्लिकेट आहे का, आणि असा जुन्या धर्तीचा मऊ फुलांचा वास हवा असेल तर दुकानात काय म्हणून मागायचं, असं तुम्ही विचारलंय.

डुप्लिकेट आहे की नाही हे बाटली हातात घेतल्याशिवाय मी सांगू शकत नाही. पण तुम्ही जी लक्षणं लिहिलीत ना, टोचणं, डॉक्टर, पावडर, गायब होऊन परत येणं, ती चारही त्या परफ्यूमच्या घडणीतूनच येतात. म्हणून आधी ती घडण सांगते, ती कळली की पुढचे प्रश्न बरेच सोपे होतील.

मी २६ वर्षं मुंबईत या धंद्यात आहे. सुरुवात लॅबमध्ये काट्यावर कच्चा माल तोलण्यापासून झाली, आता इव्हॅल्युएशन बघते, म्हणजे परफ्यूमरने केलेले नमुने ब्लॉटरवर, म्हणजे हुंगायच्या कागदी पट्टीवर, आणि हातावर लावून दिवसभर हुंगायचे आणि कुठे काय कमी-जास्त आहे ते सांगायचं. जुन्या फ्रेंच फ्लोरल्सवर, म्हणजे फुलांच्या वासाच्या परफ्यूम्सवर, माझं मनापासून प्रेम आहे त्यामुळे उत्तर लांबणार, आधीच सांगते.

आपण 'फुलांचा वास' म्हणतो तेव्हा आपल्या डोक्यात एक फूल असतं. मोगरा, सोनचाफा, निशिगंध, डोळे मिटूनसुद्धा ओळखता येतील असे. लेर द्यू ताँ हुंगून कुठलं फूल ते सांगा म्हटलं तर दहा जण दहा नावं घेतील, आणि ते मुद्दाम तसं केलेलं आहे. १९४८ साली नीना रिची या पॅरिसच्या फॅशन हाऊससाठी फ्रान्सिस फाब्राँ या परफ्यूमरने ते बनवलं. युद्ध संपून तीनच वर्षं झालेली, लोकांना मोठं आणि भपकेबाज काही नको होतं, शांत काहीतरी हवं होतं. कबुतर त्याच शांततेचं प्रतीक, आणि तुमच्या मावशीकडची दोन कबुतरांची बाटली आहे ती मार्क लालिक यांनी १९५१ साली केलेल्या डिझाइनवरची. नावाचा अर्थ त्या त्या काळाची हवा, आताचं वातावरण असा काहीसा. परफ्यूम पण तसंच आहे, त्यात एक फूल समोर उभं राहत नाही, फुलं असलेल्या खोलीतली हवा असते.

आता ही हवा कशाने येते. मधोमध कार्नेशन आहे. आपल्याकडे बुकेत कार्नेशन दिसतं पण दुकानातल्या त्या फुलांना वास जवळजवळ नसतोच, त्यामुळे कार्नेशनचा वास कसा असतो हे आपल्यापैकी बहुतेकांना माहीतच नाही. जुन्या जातींचा वास गोडसर, थोडा दुधाळ आणि स्पष्ट लवंगेचा असतो. परफ्यूममध्ये तो उभा करायचा तर युजेनॉल आणि आयसोयुजेनॉल लागतं, आणि युजेनॉल म्हणजे लवंगेच्या तेलातला मुख्य घटक. दातांचे डॉक्टर दाढेत जे तात्पुरतं सिमेंट भरतात त्यात झिंक ऑक्साइडबरोबर हेच युजेनॉल असतं. म्हणजे तुमचं नाक एकदम बरोबर आहे, तुम्ही कार्नेशनच हुंगलंत, फक्त तुमच्या मेंदूकडे त्या वासासाठी फुलाची आठवण नव्हती, डॉक्टरच्या खुर्चीची होती. एकदा 'हे फूल आहे' असं मनाशी धरून हुंगा, दोन-चार दिवसांत वास बदलल्यासारखा वाटेल.

दुसरी गोष्ट मला सगळ्यात आवडते, बेंझिल सॅलिसिलेट. त्यात हे भरपूर आहे. गंमत अशी की नुसतं हुंगलं तर जवळपास काहीच येत नाही, हलकं गोडसर, आणि काही लोकांना तर ते अजिबातच येत नाही. मी लॅबमध्ये नवीन असताना माझ्या सरांनी मला कार्नेशन-सॅलिसिलेटचा साधा अकॉर्ड, म्हणजे काही घटक मिळून होणारा एकच वास, बांधायला दिला होता. माझा अकॉर्ड कडक लागत होता म्हणून मी फुलं वाढवायची म्हणून गुलाब घातला, मग अजून गुलाब घातला, मग जाई, आणि प्रत्येक वेळी तो जास्तच कडक होत गेला. सरांनी ब्लॉटर हुंगला, म्हणाले गुलाब काढ, सॅलिसिलेट दुपटीने वाढव आणि मिथाइल आयोनोन घाल. मला वाटलं ज्याला वासच नाही ते वाढवून काय होणार. केलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ब्लॉटर हातात घेतला तर सगळ्या कडा गेलेल्या, वास नाकाशी थांबत नव्हता, आजूबाजूला पसरत होता. त्या दिवशी मला कळलं की मऊपणा फुलं वाढवून येत नाही, फुलांच्या खालचं अंथरूण नीट घालावं लागतं.

तर ते मिथाइल आयोनोन. व्हायोलेटच्या फुलांचा वास, थोडा लाकडी, थोडा रास्पबेरीसारखा, आणि बराचसा पावडरीसारखा. याच घराण्यातलं आयोनोन पहिल्यांदा १८९३ साली टीमान आणि क्र्युगर या जर्मन केमिस्टांनी बनवलं आणि तेव्हा त्याला लागणारं सिट्रल यायचं गवती चहाच्या तेलातून, जे केरळातून बोटीने युरोपात जायचं. आता बहुतेक सिट्रल कारखान्यातच बनतं, पण आपल्या परसात चहात घालायला लावलेल्या त्या गवतातून पॅरिसच्या व्हायोलेटचा वास निघाला हे मला आजही भारी वाटतं. या आयोनोनचा स्वभाव असा की नाक त्याला फार पटकन थकतं. थोडा वेळ येतो, मग नाक बंद होतं, मग नाकाला विश्रांती मिळाली की परत येतो. तुम्ही लिहिलंय ना की मधेच गायब होतो आणि परत येतो, ते हेच. परफ्यूम उडालेलं नसतं, शेजारच्याला येतच असतं, म्हणून 'येत नाहीये' म्हणून परत फवारू नका, तिथेच लोक फसतात.

शिवाय वाळ्याच्या तेलापासून बनवलेलं व्हेटिव्हेरिल ॲसिटेट आहे. वाळ्याचा मातकट ओलेपणा काढून टाकला आणि फक्त गुळगुळीत लाकूड ठेवलं तर कसं लागेल, तसं ते. आणि तळाला जुन्या काळी मस्क कीटोन होतं, म्हणजे कस्तुरीसारख्या वासाचा कृत्रिम घटक, गोड पावडरीसारखं, अंगाला चिकटून राहणारं.

ही यादी पाठ करायची गरज नाही. पुरणाचं उदाहरण देते. पुरणात वेलची असते, जायफळ असतं, गूळ असतो, डाळ असते. नीट शिजलं आणि नीट वाटलं तर खाणारा 'वा' म्हणतो, जायफळ छान आहे असं म्हणत नाही. जायफळ वेगळं लागलं की समजायचं प्रमाण चुकलं. आजकालच्या बऱ्याच परफ्यूममध्ये मात्र एक गोष्ट मुद्दाम वेगळी लागेल अशी ठेवतात, पेअर असेल, कॅरॅमल असेल, म्हणजे दुकानात दहा सेकंदात लक्षात राहावं. जुन्या धर्तीच्या फ्लोरलमध्ये वेगळं काही लागू नये हीच परफ्यूमरची मेहनत असते, आणि म्हणून ते दहा सेकंदात कळतच नाही. त्याला निदान दोन तास द्यावे लागतात. पहिल्या पाच मिनिटांत अल्कोहोल आणि वरचे हलके घटक उडत असतात, ते टोचणारच.

आता पावडर. पावडरीचा वास म्हणजे काय हो, टाल्कला स्वतःचा वास कुठे असतो. युरोपात चेहऱ्याला लावायच्या पावडरला पूर्वी ओरिसचा वास द्यायचे, म्हणजे आयरिस नावाच्या झाडाचा जमिनीतला कंद. तो कंद काढून, सोलून, वाळवून तीनेक वर्षं ठेवावा लागतो, ताज्या कंदाला तो वास नसतोच, ठेवता ठेवता हळूहळू तयार होतो. त्यातल्या वासाच्या घटकांना आयरोन म्हणतात आणि ते आयोनोनचे अगदी सख्खे भाऊ. पुढे आयोनोन स्वस्त झाल्यावर पावडरी, साबण, क्रीमं, लिपस्टिक सगळ्यांत ते शिरलं. म्हणजे पावडरीला व्हायोलेटचा वास देता देता शेवटी त्या व्हायोलेटलाच आपण पावडरीचा वास म्हणायला लागलो. आपल्याकडेही ज्या बायकांनी पन्नास-साठ सालापासून पावडर लावली, स्नो लावला, त्यांच्या कपाटात हेच वास होते. तुमच्या मैत्रिणीला तिच्या आजीच्या गालाचा वास आठवला, बाकी काही नाही. वासाला वय नसतं, कुणाच्या अंगावर तो आपल्याला पहिल्यांदा भेटला त्याचं वय आपण त्याला लावतो. तुमच्या भाचीला तो तुमच्या अंगावर भेटला तर तिच्यासाठी तो तुमचा वास असेल.

इथपर्यंत थोडक्यात, डॉक्टर म्हणजे कार्नेशन, पावडर आणि लपंडाव म्हणजे आयोनोन, पसरणं म्हणजे सॅलिसिलेट, आणि सुरुवातीची टोच सोडून द्यायची.

मग मावशीचा वास वेगळा का होता. याची कारणं बरीच आहेत आणि तुमच्या बाबतीत कुठलं किती हे परिस्थितीवर आहे. पहिलं, काचेच्या कबुतरांचं बुच असलेली बाटली बहुतेक वेळा पार्फ्युमची असायची, म्हणजे बोटाने लावायचं घट्ट. तुम्ही मागवलंय ते ओ द त्वालेट स्प्रे, म्हणजे त्याहून पातळ. लोकांना वाटतं एक कडक आणि एक पातळ एवढाच फरक, पण पुष्कळदा दोन्हींची रचनाच वेगळी असते, स्प्रेमध्ये वरचे चमकदार घटक जास्त, पार्फ्युममध्ये खालचं अंथरूण जास्त. कबुतरं प्लास्टिकच्या झाकणावरही असतात म्हणून मावशींकडे बाटली अजून असेल तर बघून घ्या.

दुसरं, नियम. आयसोयुजेनॉलने काही लोकांना त्वचेची ॲलर्जी होते म्हणून त्याचं प्रमाण आता खूप खाली आणलंय. नायट्रो मस्क म्हणजे मस्क कीटोनच्या जातीचे जुने मस्क, त्यांपैकी मस्क ॲम्ब्रेट बंद झालं, मस्क कीटोनचा वापर पण फार कमी झाला. मुगेच्या, म्हणजे लिली ऑफ द व्हॅलीच्या, फुलांसारखा वास देणारं लिलियाल युरोपात २०२२ पासून बंद आहे. दर वेळी असा एखादा घटक गेला की कंपन्यांना त्याच नावाखाली फॉर्म्युला परत जुळवावा लागतो. माझं स्वतःचं मत, हे नियम बरेचसे योग्य आहेत, ॲलर्जीने हात सोललेली लॅबमधली मुलं मी बघितली आहेत. पण नुकसान झालंय हे पण खरं, मस्क कीटोनचं ते लोकरीसारखं ऊबदार काहीतरी नवीन मस्कमध्ये मिळत नाही, ते जास्त स्वच्छ, धुतलेल्या कपड्यांसारखे लागतात.

तिसरं, आणि मला वाटतं तुमच्या बाबतीत हेच सगळ्यात मोठं असेल, तुम्ही फक्त परफ्यूम हुंगत नव्हतात. मावशी लग्नाला निघाली होती, म्हणजे अंगाला पावडर, केसात गजरा, ट्रंकेतून काढलेली रेशमी साडी, त्या ट्रंकेचा वास, केसांना तेल. हे सगळं मिळून तो वास होता. माझ्या आईच्या कपाटात साड्यांच्या घड्यांत वाळलेली बकुळीची फुलं असायची आणि बकूळ वाळली तरी वास सोडत नाही, मला कितीतरी वर्षं वाटायचं की आईच्या कोलनचाच तो वास आहे. कोलन संपलं, दुसरी बाटली आणली, तो वास येईना, तेव्हा उलगडा झाला. तुम्ही एक करून बघा, हातावर एक फवारा मारा, मनगटावर साधी टाल्कम पावडर लावा आणि शेजारी मोगऱ्याचा गजरा ठेवा. मावशी एकदम समोर येण्याची शक्यता आहे.

डुप्लिकेट ओळखायचं तर घरी एवढं करा. जाड कोऱ्या कागदाच्या दोन पट्ट्या कापा, एकीवर फवारा, तारीख-वेळ लिहा, आणि बाटलीपासून लांब दुसऱ्या खोलीत ठेवा. दहा मिनिटांनी, दोन तासांनी, रात्री आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हुंगा, दुसरी कोरी पट्टी मधे मधे हुंगायची म्हणजे नाक ताजं राहतं. खऱ्या मालात प्रत्येक वेळी थोडा फरक दिसेल, लवंग मागे जाईल, पावडर पुढे येईल, सकाळी लाकूड आणि मस्क उरेल. स्वस्तातल्या नकली मालात बहुतेकदा तळच नसतो, सकाळी कागदाचा वास येतो नाहीतर एकच गोड चिकट वास सुरुवातीपासून शेवटपर्यंत तसाच. तुम्ही तीन वेगळे टप्पे लिहिलेत त्यावरून मला तरी तुमची बाटली खरी वाटते, पण कागदाची चाचणी करून मगच ठरवा.

दुकानात काय मागायचं, तर 'सॉफ्ट फ्लोरल' म्हणू नका, त्यावर तुम्हाला पिओनी आणि लिची दाखवतील. 'पावडरी फ्लोरल' म्हणा, किंवा आयरिस, व्हायोलेट, कार्नेशन असं नाव घेऊन विचारा. मोगरा-निशिगंधाच्या जातीची व्हाइट फ्लोरल्स तुम्हाला नकोयत, ती सुंदर असतात पण मऊ नसतात, समोर येऊन उभी राहतात. काशारेल या फ्रेंच कंपनीचं 'अनाईस अनाईस', १९७८ सालचं, जरा जास्त हिरवं आणि साबणासारखं, पण घराणं जवळचं आणि ऑफिसला जास्त चालेल. कधी बाहेरगावी जाणं झालं आणि गेर्लां या जुन्या फ्रेंच परफ्यूम कंपनीचं दुकान दिसलं तर 'आप्रे लोंदे' नक्की हातावर घ्या. १९०६ साली जाक गेर्लां यांनी केलेलं, नावाचा अर्थ पावसाची सर येऊन गेल्यावर. व्हायोलेट, आयरिस, बडीशेपेसारखा एक थंड धागा आणि हेलिओट्रोपिन, जे बदामाच्या खिरीसारखं लागतं आणि सुरुवातीला जे मिऱ्यातल्या पिपरीनपासून बनवलं गेलं. त्यांचंच १९१२ सालचं 'लर ब्ल्यू' अजून गोड आणि संध्याकाळचं. मला आप्रे लोंदे हुंगल्यावर पहिल्यांदा घशात दाटून आलं होतं, इतका हलका आणि इतका पूर्ण वास मी त्याआधी हुंगला नव्हता.

तेवढं बजेट नसेल तर आपल्याकडचा दुसरा रस्ता आहे, चंदनाच्या तेलावर ऊर्ध्वपातन केलेलं खरं फुलांचं अत्तर, कनौजची जुनी पद्धत. तिथेही मऊपणा फुलाखालच्या चंदनातूनच येतो. पण चंदन महाग झाल्यामुळे बऱ्याच स्वस्त अत्तरांत खाली भलतंच तेल असतं, म्हणून खात्रीच्या माणसाकडूनच घ्या, आणि पावडरीचा वास मात्र त्यात मिळणार नाही हे लक्षात ठेवा.

लावायचं कसं हे हवेवर आहे. तुम्ही ठाण्यात राहता असं लिहिलंय, तर मे महिन्यात आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात ही पावडरी परफ्यूम्स अंगावर जड होतात, घाम आणि गोडवा एकत्र येऊन गुदमरतं. मी तेव्हा एकच फवारा, तोही गळ्याला न मारता पोटावर कपड्याच्या आत, म्हणजे वास हळूहळू वर येतो. पावसाळ्यात मात्र ती फुलतात, दमट गार हवेत आयोनोन फार सुंदर लागतं, जुलैमध्ये परत लावून बघा. सुती ओढणीवर मारलं तर दोन दिवस राहतं. पैठणीवर किंवा कुठल्याही रेशमावर थेट मारू नका, डाग पडतो आणि तो जात नाही, साडी नेसायच्या आधी अंगाला लावून सुकू द्यायचं.

आणि मावशींची जुनी बाटली अजून असेल आणि तळाला थोडं उरलेलं असेल तर फेकू देऊ नका. रंग गडद तपकिरी झालेला असेल, फुलांचे काही घटक एकमेकांशी संयोग होऊन तसा होतो, त्याने घाबरू नका. उघडल्या उघडल्या नेलपॉलिश रिमूव्हरसारखा किंवा शिळ्या तेलासारखा वास येईल, वरचे लिंबूवर्गीय घटक हवेने खराब झालेले असतात, तेच सगळ्यात आधी जातात. बुचाला हुंगून निकाल देऊ नका, एक थेंब कागदावर घ्या, वीस मिनिटं दुसरं काम करा आणि मग हुंगा. खालचं अंथरूण बऱ्याचदा शाबूत असतं. अंगाला लावायच्या आधी कोपराच्या आतल्या बाजूला एक ठिपका लावून एक दिवस थांबा, जुना माल आहे, पुरळ येऊ शकतं. बाटली बाथरूममधून आणि खिडकीतून काढून कपाटात, अंधारात, उभी ठेवा, आणि मावशींना विचारा की त्या तेव्हा पावडर कुठली लावायच्या, ते मला इथे कळवा, मग जवळात जवळचं काय मिळेल ते नीट सांगता येईल.